आफ्रिकेचा भुंगेरा आणि माझी पोटदुखी

माणसाला शेजाऱ्याच्या घराचा, भावाच्या पगाराचा, मेव्हण्याच्या मोटारीचा मत्सर वाटतो. मला तांदळाच्या कणीएवढ्या एका किड्याचा वाटला, आणि तो चांगली काही वर्षं पुरला. संपादकांनी 'नोकरीतले अनुभव लिहा' म्हटलं तेव्हा बदल्या, बढत्या आणि साहेबांचे दौरे आठवून पाहिले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पोटदुखी मात्र अजून ताजी आहे, म्हणून तीच लिहितो.

पन्नास-साठच्या दशकांत मी सरकारी पीकसंरक्षण खात्यात कीटक सहायक होतो. मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची दोन खोल्यांची कचेरी होती. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग हे फक्त किल्ल्याचं नाव. गावात मला 'किड्यांचो डॉक्टर' म्हणत, आणि त्यात कौतुक कमी व चेष्टा जास्त असे. माझं काम किडे मारायचा सल्ला देण्याचं, पण माझा जीव किडे जपण्यात रमलेला. मेलेला किडा जपणं हे आमच्या किनाऱ्यावर जिवंत माणूस जपण्यापेक्षा अवघड आहे. पावसाळ्यात पेट्यांना बुरशी धरते. मुंग्या येतात म्हणून कपाटाचे पाय रॉकेलच्या वाट्यांत ठेवावे लागतात. डांबरगोळ्यांचा वास कपड्यांना असा बसतो, की लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस पाट सरकवून बसतो.

गिऱ्हाइकंही तशीच. देवगडचे एक बागायतदार दरवर्षी काड्यापेटीत एक अळी घेऊन यायचे. अळीचं नाव, औषध, कशात त्यांना रस नसे. त्यांचा सवाल एकच, "शेजाऱ्याच्या कलमांक नाय, माज्याच कलमांक ही कशी लागली?" अळी शेजाऱ्यानंच धाडली असं मी लेखी द्यावं, एवढीच त्यांची मागणी. मी त्यांना हसायचो. पुढं माझ्यावर वेळ आली तेव्हा त्यांची आठवण झाली आणि हसू गेलं.

माझा शेजारी म्हणजे आंतोन डिसोजा. त्याच कचेरीत, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसणारा दुसरा कीटक सहायक. माझ्याहून वयानं लहान, नोकरीत नंतर आलेला. मामा मोझांबिकमध्ये रेल्वेत होता, त्यानं पाठवलेला कोट घालून कचेरीत यायचा. मी किड्याच्या टाचणीवर लावायची चिठ्ठी मोत्यासारख्या अक्षरात लिहायचो. हा किडे तपकिरीच्या डबीत घालायचा आणि कुठं सापडले ते डबीच्या झाकणावर पेन्सिलीनं खरडायचा. साहेब माझी अक्षरं पाहून 'छान' म्हणत आणि गप्पा मारायला आंतोनकडे बसत. एवढंही मला खुपत असे.

आमच्याकडे काजू फोडायचा एक कारखाना होता. आपल्याकडची बी संपली की बायकांच्या हाताचं काम बंद पडू नये म्हणून दिवाळीनंतर आफ्रिकेची बी मुंबईहून बोटीनं यायची. पोती उतरली की त्यांत नवीन कीड आली आहे का हे बघायला आमच्यापैकी एकानं जायचं, असा नियम. त्या वेळी पाळी माझी होती. पण दुसऱ्या दिवशी साहेब फुलपाखरांची पेटी पाहणार होते आणि मी ती नव्यानं लावत बसलो होतो. आंतोनला म्हटलं, तू जाऊन ये.

तो दुपारी आला, तपकिरीची डबी माझ्यासमोर उघडली आणि म्हणाला, "परुळेकरा, शिंगां असलेलो किडो बघलंस काय कधी?"

तीन भुंगेरे होते, काळसर, मेलेले. सूक्ष्मदर्शकाखाली घातले तर प्रत्येकाच्या डोक्यावर दोन वाकडी शिंगं. पिठात होणारा लाल भुंगेरा सगळ्यांनी पाहिलेला असतो. हा त्याच्या कुळातला, पण असा मी कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. "बरा आहे," एवढंच मी म्हणालो. पाळी माझी होती.

इथं परक्यांसाठी थोडं सांगायला हवं. जगात अजून नाव नसलेले किडे पुष्कळ आहेत. असा एखादा हाती लागला की आधी त्याच्या कुळातल्या सगळ्या ज्ञात किड्यांशी तो ताडून पाहायचा. पुस्तकं मागवायची, कलकत्त्याला आणि लंडनच्या संग्रहालयाला लिहायचं, त्यांच्याकडचे नमुने पाहायचे. तो कुणाशीच जुळला नाही तर त्याचं वर्णन लिहायचं : शिंगं केवढी, पंखांवरच्या रेघा किती, पायांवर केस कुठं. ज्या एका किड्यावरून वर्णन लिहिलं त्याच्या टाचणीला लाल चिठ्ठी लागते, आणि नाव कायमचं त्याला बांधलं जातं. नाव देणाऱ्यानं स्वतःचं नाव किड्याला द्यायचं नसतं, तो असभ्यपणा. पण जगात कुठंही, कधीही तो किडा छापला गेला की त्याच्या नावामागं वर्णन करणाऱ्याचं आडनाव लागतं. बढती संपते, पेन्शन संपते, हे आडनाव संपत नाही. आमच्या धंद्यात मोक्ष म्हणतात तो हाच, आणि मला तो हवा होता. तो आंतोनला तपकिरीच्या डबीत मिळाला.

पुढचे महिने मी टपालाची वाट पाहत काढले. आंतोनलाही घाई नव्हती एवढी मला होती. लंडनहून उत्तर यावं की हा किडा जुनाच आहे, फार पूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलं आहे, एवढी माझी इच्छा. रवळनाथाला गाऱ्हाणं घालावं असंही मनात येऊन गेलं. पण 'बा देवा म्हाराजा, आंतोनचो भुंगेरो जुनो निघूंदे' असं गाऱ्हाणं कोणता गुरव घालणार, आणि 'होय म्हाराजा' तरी कोण म्हणणार?

उत्तर आलं. लंडनच्या संग्रहालयात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा असाच एक शिंगवाला नमुना बिननावाचा पडून होता. म्हणजे किडा आफ्रिकेचाच, आणि नवाच. वर्णन करायला हरकत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. आंतोननं कचेरीभर पेढे वाटले. माझ्या हातावर दोन ठेवले.

मग त्यानं मला चित्र काढायला सांगितलं, कारण त्याला रेघ सरळ काढता येत नसे. नाही कसं म्हणणार? किडा एवढा लहान की त्याला टाचणी टोचत नाहीत. कागदाच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकाला डिंकानं चिकटवतात. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि आरशातून कागदावर पडलेल्या सावलीवरून बारीक निबानं केस न् केस उतरवायचा. मी इतक्या काळजीनं कधी काही पाहिलं नसेल. आंतोनच्या वर्णनात चूक सापडावी म्हणून पाहत होतो. एका ठिकाणी रेघ कमी मोजली होती, ती मी खुशीत दाखवली. त्यानं खुशीत दुरुस्त केली. माझ्या पोटदुखीनं त्याचा लेख आणखी पक्का झाला.

लेख छापून आला तेव्हा कळलं, त्यानं किड्याला माझं नाव दिलं होतं. 'परुळेकरी'. लॅटिनमध्ये पुरुषाच्या नावाला शेवटी असं शेपूट लावतात. चित्राबद्दल आभार म्हणून, असं खाली लिहिलं होतं. लोकांनी माझं अभिनंदन केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. किड्याचं नाव परुळेकरी, आणि मागं लागणार डिसोजा. म्हणजे मी नुसता पाटीवर, घर त्याचं. ते मला भीक घातल्यासारखं वाटलं.

घरी मी रोज हेच दळण दळत असे. बायको बांगडे साफ करत ऐकून घ्यायची. एकदा ती कंटाळून म्हणाली, "तुमका किडो होयो काय नाव होया?"

दुसऱ्या दिवसापासून मी सुटीच्या वेळी कारखान्यात जाऊन आफ्रिकेची पोती चाळायला लागलो. फोडणाऱ्या बायका हाताला राख लावून बी फोडत बसलेल्या असायच्या आणि हा माणूस रिकाम्या पोत्यांच्या शिवणी उसवत बसतो म्हणून हसायच्या. शिवणीत सापडले. शिंगं नसलेले, विटकरी रंगाचे भुंगेरे. वरवर पाहणाऱ्यानं पिठातले लाल भुंगेरे म्हणून सोडले असते. आंतोननं सोडलेही होते. पण मी रेघा मोजल्या, केस पाहिले. पिठातला नव्हे. नवा, आणि माझा.

एक उघडून पाहिला, मादी. दुसरा, तीही मादी. तेव्हा शहाण्या माणसानं विचारलं असतं, यांचे नर कुठं आहेत? आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सगळेच्या सगळे नर घेऊन एक माणूस बसला आहे, त्याच्या किड्यांच्या माद्या कुठं आहेत? माझ्यात तेव्हा शहाणपण कमी आणि घाई फार होती. रंग वेगळा होता तोही फसवा. नुकता कोषातून बाहेर पडलेला भुंगेरा फिका असतो, मग गडद होतो, हे मी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. स्वतःला सांगायचं राहिलं.

आमच्यात एक रीत होती. काहीही छापायला पाठवण्याआधी टेबलापलीकडच्याला दाखवायचं. आंतोननं प्रत्येक पान मला दाखवलं होतं. मी माझ्या पेटीवर रुमाल टाकून ठेवत असे. त्यानं पाहिलंच. "माका एकदा बघूक दी रे," म्हणाला. मी म्हटलं, अजून काही नक्की नाही. त्याला दाखवलं असतं तर त्यानं एका मिनिटात सांगितलं असतं, आणि मला तेच नको होतं. लेख तपासणाऱ्यानं कलकत्त्याहून विचारलं, नर मिळाला का? मी कळवलं, नाही. हे खोटं नव्हतं, मी शोधलाच नव्हता.

आता नाव. मी पुष्कळ विचार केला आणि बायकोचं द्यायचं ठरवलं. आंतोननं मला दिलं तसं मीही कुणाला तरी देऊ शकतो, हे दाखवायचं होतं, हे खरं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. घरात तिचं नाव सुलभा. ते आमच्याकडचं, लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं लिहिलेलं. माहेरचं नाव यमुना. लग्नपत्रिकेत मी ते वाचलं होतं, नंतर कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. किड्याला मी तेच दिलं. बाईच्या नावाला लॅटिनमध्ये वेगळं शेपूट लागतं, म्हणून 'यमुनाए'.

अंक हाती आला तेव्हा तिला दाखवला. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी बोट ठेवून वाचून दाखवलं. ती किती तरी वेळ त्या काळ्या अक्षरांकडे पाहत राहिली.

"ह्या नाव तुमका म्हायत होता?" तिनं विचारलं.

त्यानंतर तो अंक तिनं देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला. तिच्या बहिणी आल्या की काढून दाखवायची. ते वर्ष माझं फार सुखाचं गेलं. यमुनाए परुळेकर. किडा तिचा, आडनाव माझं. आंतोनकडे पाहून मी हसूही लागलो.

आंतोननंच ते मोडलं, आणि मोडताना आवाजसुद्धा केला नाही. पुढच्या हंगामात आलेल्या पोत्यांत त्याला जिवंत भुंगेरे मिळाले. त्यानं ते काचेच्या बरणीत काजूच्या चुऱ्यावर वाढवले. अळ्या झाल्या, कोष झाले, भुंगेरे निघाले. एका संध्याकाळी साहेब आणि शिपाई गेल्यावर त्यानं बरणी माझ्यासमोर ठेवली आणि भिंग हातात दिलं. एकाच आईच्या पोटचे, अर्धे शिंगवाले, अर्धे बिनशिंगांचे. सुरुवातीला सगळे विटकरी, मग काळसर. आणि एका कडेला शिंगवाला बिनशिंगीवर चढलेला.

"तुजे किडे म्हंजे माज्या किड्यांच्यो बायलो रे," तो हळू आवाजात म्हणाला.

आमच्या धंद्यातला नियम साधा आहे. एकाच किड्याला दोन नावं पडली तर आधीचं टिकतं, नंतरचं पडतं. पडलेलं नाव पुसत नाहीत, टिकलेल्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहून ठेवतात, म्हणजे पुन्हा कुणी फसू नये. त्याचं आधीचं होतं.

आंतोन म्हणाला, "तू लिही. मी खंयच बोलूचंय नाय. तुका लिवचा नसला तरी बोलूचंय नाय."

तो गप्प राहिला असता तर कदाचित वीस-तीस वर्षं जगात कुणाला कळलं नसतं. आफ्रिकेतल्या एवढ्याशा किड्याची बरणी लावून बघणार कोण? त्यानं मला हसावं, साहेबांकडे जावं, मिरवावं, म्हणजे मला त्याचा रीतसर राग तरी करता आला असता. त्यानं तेही दिलं नाही. मला त्याच्या चांगुलपणाचाही मत्सर वाटला. हा माणूस किडा घेतो, मोक्ष घेतो, वर मोठेपणही घेतो, मग मला उरतं काय, असं मनात येत घरी गेलो.

बायको ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. शिंगवाला नर, तिच्या नावाची ती त्याची मादी, दोन्ही किडे एकच. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे माजा नाव जातला?"

जात नाही, खाली लिहितात, असं मी समजावलं.

"कोणाच्या खाली?"

आतापर्यंत ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. परुळेकरीच्या खाली यमुनाए. मी सांगितलं, माझ्या.

तिनं सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "मगे नवीन काय झाला?" ती म्हणाली. "ता एकदा लग्नात झालाच होता. लिवा तुमी." आणि सूप घेऊन आत गेली.

मी लिहिलं. अर्ध्या पानाचं टिपण, माझ्या नावानं : अमुक ही तमुकची मादी आहे, माझं नाव रद्द समजावं, बरणीतले किडे श्री. डिसोजा यांचे. आयुष्यात मी लिहिलेलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात अचूक लिखाण तेच. ते छापून आलेला अंकही मी घरी नेला, पण तो फळीवर ठेवला नाही, आणि आधीचा तिनं कधी काढला ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मग कीटकशास्त्राच्या दृष्टीनं यमुनाए संपली. पडलेलं नाव कुणी वापरायचं नसतं. आंतोन रविवारी चर्चमधली मिसा आटोपून आमच्याकडे यायचा, तोवर कधी खंड पडला नव्हता. अंगणातून "वैनी" म्हणायचा, ती चहा ठेवायची. टिपण छापून आल्यानंतरच्या रविवारी तो आला, पेळेजवळ, ओसरीच्या कठड्याशी, उभा राहिला, कोटाची बटणं लावली आणि मोठ्यानं हाक मारली, "यमुनावैनी, चाय आसा काय?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. मी ओसरीवर बसलो होतो. मला वाटलं आता ती बाहेर येऊन त्याला काहीतरी बोलेल. आतून लांब, मोकळी 'ओ' आली. विहिरीवरून माहेरची मुलगी देते तशी. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या गळ्यात असा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तो दर रविवारी तशीच हाक मारत राहिला. मीही एकदा मारावी असं पुष्कळदा ओठांवर आलं. नाव शोधून काढलं मी, छापलं मी, खाली उतरवलं मी. पण आमच्यात नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, 'अगो' म्हटलं की भागत असे, आणि भागत गेलं. आता ती नाही, आंतोनही नाही. त्याच्या भुंगेऱ्याचा मत्सर केव्हाच ओसरला. त्या हाकेचा अजून वाटतो.